वादी सिद्ध करतो काय?

जिल्हा न्यायाधीश म्हणून निवृत्त होऊन लॉ कॉलेजचा प्राचार्य झालो, तेव्हापासून लोक विचारतात, यातलं सोपं काम कोणतं? प्राचार्याचं, अर्थात. इथे माझ्या निकालावर अपील होत नाही. फक्त सत्तर टक्के हजेरीवरून दर सत्राअखेर सुनावण्या घ्याव्या लागतात.

मुलं हुशार असतात. केशवानंद भारती, मनेका गांधी सगळं तोंडपाठ. पण त्या निकालांमध्ये वस्तुस्थिती आधीच ठरून आलेली असते. हार्वर्डच्या लँगडेल यांनी १८७० नंतर अपिली निकालांवरून कायदा शिकवायची पद्धत रूढ केली आणि ती इतर देशांतही पसरली. मूट कोर्टातही तेच: घटना छापील आणि दोन्ही बाजूंना मान्य. तालुक्याच्या कोर्टात मात्र काय घडलं, हाच मुळी वाद असतो.

म्हणून मी वर्गात बांधाचा दावा देतो. वादपत्र, कैफियत, सात-बारा, मोजणीचा नकाशा. कलमं लिहायची नाहीत, फक्त मुद्दे, म्हणजे न्यायालयाने ठरवायचे वादाचे प्रश्न, काढायचे. कुणी पंधरा काढतं, तिथे तीन पुरतात. एकीने लिहिलं, ‘बांध कोणी कोरला?’ ऐकायला छान, पण पुरावा कोणी द्यायचा? ‘प्रतिवादीने अतिक्रमण केल्याचे वादी सिद्ध करतो काय?’ असं लिहिलं की ओझं कोणाच्या डोक्यावर आहे ते लगेच कळतं. मुद्दा चुकला तर पुढचा पुरावा भरकटतो, आणि अपिलात प्रकरण फेरचौकशीला परत येऊ शकतं.

दुसरी गोष्ट साक्षीदाराची. २००२ पासून दिवाणी दाव्यात सरतपास, म्हणजे स्वतःच्या साक्षीदाराची पहिली तपासणी, प्रतिज्ञापत्रावर होतो, म्हणजे भाषा वकिलाची. साक्षीदाराचा स्वतःचा आवाज ऐकू येतो तो उलटतपासणीत. तिथे लिहून घेणाऱ्याने घाई केली, की ‘आठवत नाही’चं ‘नाही’ होतं.

साक्षीदाराच्या वर्तनाबद्दल शेरा नोंदवायची मुभा दिवाणी प्रक्रिया संहिता न्यायाधीशाला देते. मी ती क्वचितच वापरली. पिंजऱ्यात उभा राहिलेला शेतकरी घामाघूम होतो तो खोटं बोलतो म्हणूनच, असं नाही. आणि सराईत खोटारड्याला घाम फुटत नाही. मुलांना हे पटत नाही. सिनेमात त्यांनी उलटं पाहिलेलं असतं. त्यामुळे आता दुसऱ्या वर्षाच्या मुलांना मी तालुका कोर्टात नेतो आणि बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, संपेपर्यंत मागच्या बाकावर बसवतो. परतल्यावर निबंध मागत नाही; ऐकलेल्या एका उलटतपासणीतली पाच उत्तरं जशीच्या तशी लिहा म्हणतो. बहुतेकांना तीनही जमत नाहीत.