देठाशी

माघात कामशेतच्या बाजूला काटेसावरी निष्पर्ण होतात. पावसाळ्यात मोडून लोंबकळलेल्या फांदीची पानं मात्र वाळून कोळ झाली तरी गळत नाहीत. पान देठाशी सोडवायचं काम जिवंत पेशीच करतात. फांदी मेली की ते राहून जातं. 1972 मध्ये केर, वायली आणि करी यांनी पेशीच्या शिस्तीतल्या मरणाला ‘अपॉप्टोसिस’ म्हटलं, ते पानगळीच्या ग्रीक शब्दावरूनच.

मी पॅथॉलॉजिस्ट. हे मरण अडवणारं एक प्रथिन आहे, बीसीएल-2. ते पेशीची वाढ वेगवान करत नाही, तिला मरू देत नाही, हे 1988 मध्ये डेव्हिड वॉक्स यांनी दाखवलं. शिकत असताना माझं गणित सरळ होतं: हे प्रथिन जास्त, तर रोग चिवट. स्तनाच्या कर्करोगात ते उलटं निघालं. गाठीच्या 3-4 मायक्रॉनच्या कापावर पेशी तपकिरी रंगल्या, म्हणजे बीसीएल-2 सापडलं, की बहुतेकदा रोगाची चाल मंद असते. कारण ते बनवण्याचा हुकूम इस्ट्रोजेनकडून येतो. तपकिरी पेशी अजून त्या संप्रेरकाचं ऐकते, आणि ऐकणारीला टॅमॉक्सिफेनच्या गोळीने आवरता येतं. उपचार ठरतात ते ईआर, पीआर (संप्रेरकांचे ग्राही) आणि हर-2 ही प्रथिनं पाहून; तरी बीसीएल-2 ची काच हाती आली की मी तिच्यापाशी रेंगाळते.

आधी त्याच कापातले लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशी, बघायचे. त्यांच्यात बीसीएल-2 मुळातच असतं, म्हणून ते तपकिरी व्हायला हवेत. ते रंगले नाहीत तर गाठीच्या कोऱ्या पेशींवर विश्वास ठेवायचा नाही.

एका आवणीच्या दिवसांत पवन मावळातल्या एका बाईंची गाठ आली. शनिवारी काढलेली, फॉर्मलिनऐवजी सलाइनमध्ये ठेवलेली, माझ्याकडे पोचली सोमवारी. सगळ्या काचा फिकट. लिम्फोसाइटही कोरे, ईआरचाही भरवसा नाही. गाठ पूर्ण काढलेली, दुसरा तुकडा कुठेच नाही. गोळी लागू पडेल का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. “मावशी, या तुकड्यावरून मला सांगता येत नाही,” म्हणताना मला त्यांच्याकडे बघवेना. त्या म्हणाल्या, “मग आता कशावरून सांगाल?”

तेव्हापासून 10 टक्के फॉर्मलिनच्या बाटल्या मीच भरून पाठवते. प्रत्येक बाटलीच्या चिठ्ठीवर दोन रिकाम्या ओळी असतात: गाठ काढली किती वाजता, बाटलीत टाकली किती वाजता. दुसरी ओळ कोरी आली, तर लगेच फोन करते.