पकड

घसरणाऱ्या पट्ट्यावर लोकांचा पहिला इलाज म्हणजे तो आणखी आवळणें. माणसांच्या बाबतींतहि आपण बहुधा हाच इलाज करतों, हें माझ्या ध्यानांत आलें तें एका जुन्या लेथच्या संगतींत.

लेथ माझ्या दादांचें. रेल्वेच्या कारखान्यांत त्यांनीं कातारी म्हणून जन्म काढला. त्यांच्या पगारावर माझें कॉलेज झालें. निवृत्तीनंतर हें लहानसें लेथ घेऊन ते परसांतल्या खोलींत पितळ-पोलाद कातीत रमले. त्यांच्या पश्चात् पुतण्या म्हणाला, “काका, तें आतां काम देत नाहीं. भंगारवाला वजनावर नेईल.” तक्रार खरी होती. काप जरा खोल दिला कीं चक जागच्या जागीं थबके. मोटर मात्र गुणगुणत फिरतच राही. गल्लींतल्या फिटरचा सल्ला असा कीं पट्टा ताणा, नाहीं तर मोठी मोटर घाला. मीं पुतण्याजवळ एका रविवारची मुदत मागितली.

प्रत्येक पुली आणि तिचा दांडा यांवरून मीं खडूची एकेक सरळ रेघ ओढली. लेथ चालवून थबकविलें, बंद केलें आणि पाहिलें, तों साऱ्या रेघा अखंड! म्हणजे पुलींच्या चाव्या शाबूत होत्या, दोष पट्ट्याचाच. तो सैल करून बाजूस सारला, तेव्हां खोबणीचा तळ आरशासारखा चमकतांना दिसला. हीच खरी खूण. हा पट्टा पाचरीच्या आकाराचा असतो. त्यानें तळावर बसावयाचेंच नसतें. तो दोन तिरक्या भिंतींमध्यें रुततो, आणि भिंतींमधील कोन ३८ अंशांच्या आसपास असला, तर घर्षणाचा परिणाम सपाट पट्ट्याच्या सुमारें तिप्पट होतो. झिजून अरुंद झालेला पट्टा तळाला टेकला कीं पाचरीचा हा गुणच जातो. मग तो कितीहि आवळा. बेअरिंगें तापतात, झिजतात, आणि घसरणें कांहीं सुटत नाहीं. मोठ्या मोटरनें तर तो अधिकच जोरानें घसरला असता.

खोबणीच्या भिंतींना पोलादी पट्टी लावून पाहिली. त्या सरळ होत्या. अडचण निराळीच होती. अखंड पट्टा घालावयाचा तर स्पिंडल काढणें भाग, आणि त्याचीं बेअरिंगें दादांनीं स्वतःच्या हातानें बसविलेलीं. त्यांना धक्का लावण्याची माझी छाती होईना. सुदैवानें सुट्या कड्यांचा पट्टाहि बाजारांत मिळतो. हवा तेवढा लांब करून तो दांड्याभोंवतीं फिरवावा आणि टोकें एकमेकांत अडकवावीं.

पुतण्यानें मग स्वतःच पोलादाच्या तुकड्यावर पूर्वीचाच काप देऊन पाहिला. चक थबकला नाहीं. चकचकीत कीस वळत वळत बाहेर पडूं लागला. थोडा वेळ तो कांहींच बोलला नाहीं. मग भंगारवाल्याला फोन करून त्यानें येऊं नको म्हणून सांगितलें. दादांच्या आठवणीची शपथ घालून मी त्याला आवळूं लागलों असतों, तर तो खचित निसटला असता. संध्याकाळीं तोच मला विचारूं लागला, “काका, बाबा पितळ कातायचे तेव्हां गति किती ठेवायचे हो?”