मरीन ड्राइव्हवरचा पांढरा ढग

मुंबईला पाहुणे आले की आपण त्यांना कुठं नेतो? राणीची बाग, महालक्ष्मी आणि संध्याकाळी चौपाटीवर भेळ. पण २०२४ च्या जानेवारीत माझ्या थोरल्या नणंदबाई ओझरहून आल्या त्या वेगळाच बेत ठरवून. १२ ते १४ जानेवारीला मरीन ड्राइव्हवर हवाई दलाची प्रात्यक्षिकं होती. "वहिनी, मला सुखोई बघायचंय," त्यांनी पिशवी खाली ठेवायच्या आधीच सांगून टाकलं.

तुम्ही म्हणाल, सत्तरीच्या बाईला हे कसलं वेड? त्याला कारण आहे. नाशिकजवळच्या ओझरला विमानांचा कारखाना आहे. पूर्वी तिथं मिग विमानं बनत, पुढे सुखोई-३० ची जुळणी होऊ लागली. वन्संचे यजमान तिथंच नोकरीला होते. तीन वर्षांपूर्वी ते गेले. "यांनी जन्मभर विमानं जोडली," वन्सं म्हणाल्या, "पण ती रंगात आलेली मी कधी पाहिली नाहीत. नुसती उडताना आणि उतरताना पाहिली."

चर्चगेटला उतरून आम्ही चालतच समुद्रावर गेलो. नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीपर्यंतचा तो बाकदार कठडा माणसांनी फुलून गेला होता. समोर मलबार हिल, खाली लाटा अडवणारे सिमेंटचे ठोकळे. आधी सूर्यकिरण पथकाची हॉक विमानं आली, मागे पांढऱ्या धुराच्या रेघा ओढत. तो धूर मुद्दाम सोडलेला असतो.

मग सुखोई आलं. पाण्यावरून सरळ येता येता त्यानं एकदम नाक वर केलं, आणि दोन्ही पंखांवर पांढराशुभ्र ढग फुटला. वन्संनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. "अगं बाई, पेटलं की काय!" त्यांचं बोलणं पुरं होईतो ढग नाहीसाही झाला. विमान उंच निघून गेलं आणि त्याची गर्जना छातीत घुमली.

मागे इंजिनिअरिंगला शिकणारी एक मुलगी उभी होती. ती हसून म्हणाली, "आजी, धूर नाही, पाणी आहे ते."

खरंच तसं आहे. थंडगार सोड्याच्या बाटलीचं झाकण उघडलं की तोंडाशी क्षणभर धुकं दिसतं ना? आतला दाब एकदम उतरतो, हवा पसरते, पसरली की गार होते, आणि तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब बनतात. विमान जोरात वळलं किंवा वर उसळलं की पंखावरच्या हवेचं हेच होतं. पंखामागे दाब पूर्ववत झाला की थेंब पुन्हा विरतात. ते पाणी विमानातलं नसतं, आपल्याच हवेतलं असतं. जी दमट हवा आपले पापड मऊ करते आणि मिठाला पाणी सोडायला लावते, तीच ही! ओझरच्या हिवाळ्यातल्या कोरड्या हवेत असा ढग सहसा कसा दिसणार?

असा ढग दिसला की विमानानं आवाजाचा वेग ओलांडला, असं पुष्कळजण छातीठोकपणे सांगतात. तसं मुळीच नाही. तो वेग समुद्रसपाटीला ताशी सुमारे १,२२५ किलोमीटर. त्याच्या जवळपास गेलं की दमट हवेत विमानाभोवती घेरदार झग्यासारखा ढग धरतो. १९९९ च्या जुलैत प्रशांत महासागरावर जॉन गे या अमेरिकन नौदलातल्या माणसानं टिपलेला असा फोटो जगभर गाजला. पण पंखावरच्या ढगाला एवढा वेग लागत नाही. शहराजवळ तो वेग ओलांडला तर हादऱ्यानं खिडक्यांच्या काचासुद्धा फुटायच्या!

अशी प्रात्यक्षिकं पुन्हा जाहीर झाली तर जरूर जा. डोक्याला टोपी किंवा पदर, जवळ पाण्याची बाटली आणि मुलांच्या कानांसाठी आवाज अडवणारे इअरमफ घ्या. तासभर आधी पोचा. आणि नजर विमान वळतं त्या क्षणी पंखावर ठेवा, कारण पापणी लवेतो सगळं संपतं.

घरी आल्यावर मी वन्संना थंडगार पाणी दिलं. पेल्याला बाहेरून दव धरलं होतं. त्यांनी ते पदरानं पुसलं आणि जरा वेळानं म्हणाल्या, "म्हणजे यांच्या विमानाला काही झालं नव्हतं. घाम आला होता नुसता. एवढं राबल्यावर येणारच की!"