लोहगडवाडीचा पाऊस आणि डोक्यातला कोंडा

लोणावळ्याच्या पट्ट्यात वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि तिथून साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या पुण्यात ७०० च्या आसपास. लोहगड आणि विसापूरच्या मधल्या खिंडीलगत वसलेल्या लोहगडवाडीला हा पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत झेलावा लागतो. दोरीवरचं लुगडं दोन-दोन दिवस वाळत नाही, भिंतींना बुरा येतो. आणि त्याच वाडीत फेब्रुवारी-मार्चच्या दुपारी हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात. एकाच डोक्याला वर्षभरात अशा दोन उलट्या हवा सोसाव्या लागतात. पण कोंडा दिसला की उपाय मात्र दोन्ही वेळा एकच, तेल चोपडायचं. माझं म्हणणं असं की पावसाळ्यातला कोंडा हा डोकं किती तास ओलं राहतं याचा प्रश्न आहे, आणि तेलाने तो सुटत तर नाहीच, उलट वाढू शकतो.

कोंड्यामागे मलासेझिया नावाची बुरशी असते. ती बाहेरून येत नाही. तुमच्या-माझ्या सगळ्यांच्याच टाळूवर ती असते. टाळूतून पाझरणाऱ्या तेलकट स्रावावर ती जगते, तो फोडून त्यातली काही मेदाम्लं वापरते आणि ओलेइक आम्लासारखी उरलेली तशीच टाळूवर सोडते. ज्यांच्या कातडीला ती सोसत नाहीत त्यांना खाज सुटते आणि पापुद्रे भराभर निघू लागतात. म्हणून कोंडा म्हणजे अस्वच्छता, हा समज चुकीचा आहे आणि अन्यायाचाही; वाडीतल्या मुलींना त्यापायी उगाच ऐकून घ्यावं लागतं. या बुरशीला ऊब आणि दमटपणा मानवतो याची खूण अंगावरच दिसते. पाठीवर, छातीवर फिकट चट्टे उठतात, ज्यांना आपण शिबं म्हणतो, ती याच मलासेझियाची, आणि ती उष्ण-दमट हवेतच जास्त आढळतात. आता भातलावणीतली बाई डोळ्यांसमोर आणा. डोक्याला घट्ट फडकं, त्यावर प्लॅस्टिकची खोळ, आत पाऊस आणि घाम दोन्ही, दिवसभर कमरेत वाकलेली. संध्याकाळी त्याच ओल्या केसांचा अंबाडा बांधून ती चुलीपुढे बसते. तिच्या टाळूला दिवसात कोरडं व्हायला वेळ मिळतोच कुठे?

यावर एक आक्षेप रास्त आहे. थंड देशांतल्या डॉक्टरांचा अनुभव असा की कोंडा हिवाळ्यात वाढतो आणि उन्हाळ्यात कमी होतो. मग दमटपणाला दोष का द्यायचा? मला यात विरोध दिसत नाही. कोरड्या हवेत टाळूचा वरचा थर पाणी गमावतो, तडकतो, आणि एरवी सोसली जाणारी बुरशीही मग चरचरू लागते. त्यात कढत पाण्याने अंघोळ आणि न्हाणं लांबवणं यांची भर पडते. हवा दोन्ही टोकांनी त्रास देते, फक्त वाट वेगळी. पावसाळ्यातला कोंडा बहुधा चिकट, पिवळसर, केसांच्या मुळाशी बसलेला असतो. थंडीतला बारीक, पांढरा, खांद्यावर पडणारा.

दुसरा आक्षेप खोबरेलाचा, आणि तो आपल्या घरोघरी आहे. मॅरिको कंपनीच्या संशोधक आरती रेळे आणि मोहिले यांनी २००३ साली दाखवलं की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि त्यातल्या प्रथिनांची झीज कमी करतं. कंपनी खोबरेलच विकते हे लक्षात ठेवूनही मला तो निष्कर्ष पटतो. पण तो केसांबद्दल आहे, टाळूबद्दल नाही. खोबरेलातल्या लॉरिक आम्लात जंतुनाशक गुण आहेत हेही खरं. तरी माणसाच्या टाळूवरच्या मलासेझियाला स्वतः मेदाम्लं बनवता येत नाहीत, आणि प्रयोगशाळेत ती वाढवायची तर ऑलिव्ह तेलासारखा स्निग्ध पदार्थ पुरवावा लागतो, हे विसरून कसं चालेल? तेल सोडा असं मी म्हणणार नाही. केसांच्या लांबीला लावा, न्हाण्याआधी लावा आणि धुऊन टाका. ओल्या, खाजऱ्या टाळूवर रात्रभर मुरवत मात्र ठेवू नका.

पावसाळ्यात घरी आल्यावर आधी केस मोकळे करून पुसा, वाळल्याशिवाय बांधू नका, खोळीखालचं फडकं रोज बदला. तेवढ्याने भागलं नाही तर औषधाच्या दुकानात कीटोकोनाझोलचा शाम्पू मिळतो. तो आठवड्यातून दोनदा, टाळूवर पाच मिनिटं ठेवून मग धुवायचा. लावला आणि लगेच धुतला तर पैसे वाया जातात. दोन-चार आठवड्यांत फरक पडला नाही, टाळू लाल होऊन पाणी सुटू लागलं, तर डॉक्टरांना दाखवा. आणि लहान मुलाच्या डोक्यावर केस तुटून गोल चकती पडली असेल तर तो कोंडा नव्हे, बहुधा नायटा. तो नुसत्या शाम्पूने जात नाही, पोटात घ्यायचं औषध लागतं. अशा मुलाला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या, पाऊस उघडायची वाट पाहू नका.