खिडकीचे नऊ हजार

"बोटीच्या प्रवासात खोलीत कोण बसून राहतं? खोली काय ती झोपण्यापुरती!" असं मी ह्यांना ठणकावून सांगितलं, तेव्हा सासूबाई पलीकडे वाटाणे सोलत होत्या. काही बोलल्या नाहीत.

मुंबई-गोवा जहाजाचा हा बेत मुळात त्यांच्यासाठीच होता. माहेर देवगडचं. लग्नानंतर भाऊच्या धक्क्यावरून बोटीनं माहेरी जायच्या. डेकवर वळकटी पसरायची, देवगड आलं की समुद्रातच पडावात उतरायचं. ती बोट बंद झाली, पुढे १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, पण "बोटीची मजा नाही गं" हे पालुपद काही सुटलं नाही. त्यात मामंजी गेल्यापासून त्यांची झोप उडालेली. जरा कुठे भांडं वाजलं की जाग, आणि मग दिवसभर डोकं धरून बसायचं. मी माझ्या शाळेच्या अर्धवेळ पगारातून वर्षभर पैसे साठवले होते, तेव्हा खोली निवडायची जबाबदारीही माझीच.

मैत्रिणींनो, जहाजावरची खोली बघणं म्हणजे चाळीत बिऱ्हाड बघण्यासारखं आहे. आपल्या खोलीत काय आहे, ह्यापेक्षा डोक्यावर कोण नाचतंय आणि शेजारी कोण खोकतंय, हे आधी बघावं. बुकिंगवाल्या मुलानं पहिली खोली स्वस्तातली दाखवली. मी त्याच्याकडून सगळ्या मजल्यांचे नकाशे मागून घेतले आणि घरी पेन्सिल घेऊन एकावर एक ताडून पाहिले. तर खोलीच्या बरोबर वर पोहण्याचा तलाव! तिथे पहाटेपासून खुर्च्या ओढतात, ती खरखर छतातून थेट कानात. दुसरी खोली नाटकगृहाच्या वर, म्हणजे मध्यरात्रीपर्यंत गाणंबजावणं. तिसरी अगदी शेपटाकडे, तिथे इंजिनाची थरथर. नाकाकडे म्हणाल तर नांगराचा खडखडाट, शिवाय हेलकावे जास्त. बागेतल्या सी-सॉवर मधोमध बसलेलं मूल कसं कमी वरखाली होतं, तसंच जहाजाचं.

तेव्हा मधली, खालच्या मजल्यावरची, जिच्या वर आणि खाली नुसत्या खोल्याच आहेत आणि लिफ्ट चार दारं लांब आहे, अशी खोली सर्वांत शांत. गंमत म्हणजे भाव वरच्या मजल्यांनाच जास्त, त्यामुळे ही स्वस्तही पडते. आतल्या बाजूची, बिनखिडकीची घेतली तर आणखी स्वस्त. दोघींचे मिळून नऊ हजार वाचत होते! (जाहिरातीतल्या भावात बंदराचं शुल्क, कर, कर्मचाऱ्यांची बक्षिसी बहुधा धरलेली नसते. एकूण आकडा लिहून घ्यावा. "खोलीचा नंबर नंतर कळवू" म्हणून थोडी सूट देतात, ती मी नाकारली. मग नकाशे बघून उपयोग काय?)

एक मात्र नजरेतून सुटलं. आमच्या आणि शेजारच्या खोलीमध्ये नकाशात एक बारीक खूण होती, ती मी छपाईचा डाग समजले. ती मधल्या दाराची. एकाच कुटुंबानं दोन खोल्या घेतल्या तर उघडायचं ते दार. एरवी कुलूपबंद, पण भिंतीसारखं जाड थोडंच! पहिल्या रात्री पलीकडचं बाळ अकरापर्यंत रडत होतं. दाराच्या फटीत टॉवेलची गुंडाळी कोंबली तेव्हा कुठे निभावलं. बाळ झोपल्यावर मात्र खरोखर शांत. दिवा मालवला तर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसेना. मी गाढ झोपले.

जाग आली तेव्हा पावणेचार. सासूबाईंचा पलंग रिकामा! न्हाणीघरातही नाहीत. माझ्या पोटात गोळाच आला. अनवाणी धावत वर गेले, तर उघड्या डेकवर खुर्चीत शाल पांघरून बसलेल्या.

"आई, अहो, उठवायचं तरी!"

"दमली होतीस तू. मला जाग आली नि कळेचना गं, रात्र की दिवस. उजेड नाही, वारा नाही. वाटलं, आता..." पुढे बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "शांत आहे हो खोली. चांगली बघितलीस."

ते "चांगली बघितलीस" मला फार लागलं. वाटाणे सोलताना त्या गप्प का होत्या, हे तेव्हाच विचारायला हवं होतं.

ज्यांना पडल्यापडल्या झोप लागते, त्यांनी आतली खोली खुशाल घ्यावी. मी एकटी असेन तर पुन्हा घेईन. पण रात्री उठणारं वयस्कर माणूस बरोबर असेल तर खोली मधली, खालचीच, पण खिडकीची बघावी. जीवरक्षक होड्या टांगलेल्या असतात तिथल्या खिडक्या बऱ्याचदा स्वस्त मिळतात. समुद्र धड दिसत नाही, पण उजाडलेलं तरी कळतं.

परतीच्या रात्री खिडकीच्या खोलीची चौकशी केली, सगळ्या भरलेल्या. मग न्हाणीघरातला दिवा तसाच ठेवून दार किलकिलं केलं, आणि आम्ही दोघी बारा वाजेपर्यंत डेकवरच बसलो. किनाऱ्याच्या बाजूला एक दिवा लुकलुकत होता. "देवगडचं दीपगृह," त्यांनी ठामपणे सांगितलं. मला त्यातलं काही कळत नाही, मी हो म्हटलं.

"पडावात उतरताना तुझे मामंजी ट्रंक घट्ट धरायचे," त्या म्हणाल्या, "आणि मला म्हणायचे, तू ये हळूहळू!" आणि एकट्याच हसत सुटल्या.