चिमटा खाली ठेव!

आमच्या बडोद्याच्या घरी दादाने बॉल पायथन पाळलाय, रीतसर नोंदणी करून. तो परगावी गेला की सापाची जबाबदारी माझी. मे महिन्यात एका सकाळी पाहते तर त्याचे दोन्ही डोळे दुधाळ-निळसर! मी घाबरले. आजी म्हणाली, "अगं, कात टाकायला आलाय तो. हात नको लावूस." खरंच, काही दिवसांत डोळे निवळले आणि मग कात पडली.

पण उजवा डोळा पुन्हा धुरकट. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर पारदर्शक खवला असतो आणि कात टाकताना तोही निघतो. मी कात उजेडात धरली. डाव्या डोळ्याची टोपी जागेवर होती, उजवीकडे नुसतं भोक. म्हणजे जुना खवला डोळ्यावरच चिकटला होता. मी चिमटा उचलला. दादा फोनवर ओरडला, "ठेव तो खाली! आतला नवा खवला फाटला तर डोळाच जाईल."

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. ओल्या शेवाळाचा डबा पेटीत ठेवला, दमटपणा वाढवला. पुढच्या वेळी कात टाकताना दोन्ही टोप्या आपोआप निघाल्या. एकच डोळा सुजला असता, तर मात्र वाट न पाहता दवाखाना गाठायचा, कारण आत पू असू शकतो, असंही डॉक्टर म्हणाले.

तेव्हापासून कात टाकून देण्याआधी मी दोन्ही टोप्या तपासते. आणि चिमटा दादाच्या कपाटात असतो.