भंगाराच्या गल्लीत

मी मराठीचा प्राध्यापक. धातू म्हटले की मला आधी 'कृ' आणि 'गम्' आठवतात. तेव्हा ॲल्युमिनियम नावाच्या धातूच्या मागे लागून मी ऐन ऑक्टोबरच्या उन्हात धारावी गाठली, याचे श्रेय माझ्याकडे नाही. ते आमच्या विद्यार्थ्यांचे.

झाले असे की, मुलांनी वर्षभर कॉलेजच्या उपाहारगृहातले थंड पेयांचे रिकामे डबे जमवले. विकून येतील त्या पैशांत गरजू मुलांना पुस्तके घ्यायची होती. जागा कमी लागावी म्हणून प्रत्येक डबा पायाखाली चेपून त्याची चपटी चकती केली. अशी तीन पोती भरली. भंगारवाल्याने एक पोते उपडे केले, दोन-चार चकत्या कानाशी हलवून पाहिल्या आणि निम्मा भाव सांगितला. मुले भडकली. मी मध्यस्थीला गेलो, तर तो शांतपणे म्हणाला, "मास्तर, माझ्यावर भरवसा नसेल तर माल जातो तिथे येऊन बघा. हे एक पोते उद्या पाठवतो."

दुसऱ्या दिवशी माहीमला उतरून पूल ओलांडला आणि त्याच्या माणसाबरोबर तेरा कंपाऊंडात शिरलो. मुंबईत जन्म काढलेल्या माणसानेही ही वाट सहसा पाहिलेली नसते. एका गल्लीत पुठ्ठा, दुसरीत तेलाचे पिंप, तिसरीत नुसते प्लॅस्टिक. निळे वेगळे, पांढरे वेगळे. आपण घरात एका टोपलीत कोंबलेला संसार येथे पुन्हा वेगळा होत असतो. डोक्यावर पोती घेतलेली माणसे "बाजू, बाजू" करीत अंगावरून जातात. प्राध्यापकाने बाजू कोणती घ्यावी, हे मात्र कळत नाही.

ॲल्युमिनियमचा कारखाना म्हणजे काळवंडलेली एक खोली. दाराशी दोन बायका ढीग निवडीत बसल्या होत्या. दोरीला बांधलेले लोहचुंबक ढिगावरून फिरवायचे. चिकटले ते लोखंड, राहिले ते ॲल्युमिनियम. पण त्यांना चुंबकाची गरज फारशी दिसली नाही. डबा फरशीवर टाकला की आवाजावरूनच त्या कोणता ते सांगत. ढिगात एक पोचे पडलेले पातेले होते. आमची आई अशा पातेल्याला 'जर्मनचे' म्हणे. त्यात तिने किती वेळा दूध उतू घातले असेल!

आत जमिनीत भट्टी, भट्टीत मूस. ॲल्युमिनियम 660 अंशांवर वितळते. भट्टीवरच्या वयस्क गृहस्थांना सगळे चाचा म्हणत. त्यांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत कातडी चकाकत होती. मी पाहतो आहे हे त्यांनी पाहिले. काही न बोलता आमच्या पोत्यातली एक चकती उचलून त्यांनी पक्कडीने फाडली. आतून चिकट पाणी ओघळले, मग सिगारेटचे थोटूक, मग चिमूटभर वाळू.

"साब, चपटा केला की आतले दिसत नाही," ते आपल्या मुंबई मराठीत म्हणाले. "आणि सुकत पण नाही."

थेंबभर पाणी वितळलेल्या धातूखाली सापडले की त्याची क्षणात वाफ होते आणि वाफेला पाण्याच्या सुमारे 1,700 पट जागा लागते. ती जागा ती मुशीतला धातू उडवून करून घेते. चाचांच्या हातावर उडाला तो असाच, कोणाच्या तरी अर्धवट प्यालेल्या डब्यातून. डोळा वाचला, एवढेच.

लोखंडाची गोष्ट निराळी. ते मुकाट्याने विरघळते, मग अशा भट्टीत ते बाहेर काढण्याचा उपाय नाही, आणि माल ठिसूळ होतो. खुद्द डब्यातही दोन जाती आहेत: अंगात मँगनीज, तर झाकणात मॅग्नेशियम अधिक. मोठ्या कारखान्यांत डब्यांचे तुकडे करून, तापलेल्या हवेने आधी रंग जाळून मग ते वितळवतात. येथे रंग भट्टीतच जळतो. त्याचा कडवट धूर मला दहा मिनिटांत खोकला आणून गेला. चाचांच्या तोंडावर साधा रुमालही नव्हता. डबे धुऊन दिले तरी हा धूर काही थांबणार नाही. त्याला धुराडे हवे, आणि धुराड्याला पैसे.

तरीही हा उद्योग बंद व्हावा असे मला वाटले नाही. आमच्या कोल्हापूरकडे, राधानगरीच्या पठारांवर बॉक्साइट निघते. चार-पाच किलो खनिज खणावे तेव्हा किलोभर ॲल्युमिनियम हाती लागते आणि त्यासाठी वीज लागते सुमारे 14 युनिट. जुने डबे वितळवून तेच मिळवायला एकंदर ऊर्जा लागते विसाव्या हिश्शाइतकी. साधारण पंचाहत्तर डब्यांचा एक किलो होतो. पण भिजलेल्या, मळलेल्या मालातून चाचांच्या झाऱ्यावर राखट मळी इतकी येत होती, की भंगारवाल्याचा निम्मा भाव मला तिथेच पटला.

घरी आल्यावर सौभाग्यवतींनी आधी माझा सदरा भिजत घातला, मग हकीकत ऐकली. "म्हणजे डबा विसळायचा, पालथा घालून वाळवायचा आणि मग चेपायचा. एवढे कळायला धारावीला जावे लागले?" त्या म्हणाल्या.

उरलेली दोन पोती आम्ही भंगारवाल्याकडून परत आणली. सध्या रोज तास संपल्यावर पाच-सहा मुले आणि मी कॉलेजच्या मागच्या नळाशी पक्कड घेऊन बसतो. एक पोते झाले. दुसऱ्यात काल एक काचेची गोटी निघाली.